पेस्ट बायांकडे द्यायची

महिनाभरात बागेत किती माणसं फिरकली, तर अकरा. त्यातली तीन सिगारेट ओढायला आलेली आणि एक जण फोनवर बायकोशी मनसोक्त भांडायला. अमोलसरांनी आकड्यांचा कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"दोन एकर, महेश. दोनशे गाड्या उभ्या राहतात तेवढ्यात."

अमोलसर कंपनीच्या नाशिक ऑफिसचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून विचारणारे होते. आणि महेश हा त्या कॅम्पसची बाहेरची सगळी मांडणी करणारा, झाडं, पाणी, वाटा यांचा डिझायनर. दिंडोरी रोडवरची बावीस एकर जागा कंपनीनं घेतली तेव्हा तिच्या मधोमध चालती द्राक्षबाग होती. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी जेसीबी घातला असता. महेशनं नकाशाच असा काढला की बाग मध्ये आणि काचेच्या इमारती तिच्याभोवती. काम करणाऱ्यानं मान वर केली की हिरवं दिसलं पाहिजे, डोक्यावरचा ताण उतरला पाहिजे, दिवसातून एकदा तरी मातीला हात लागला पाहिजे. मालकांना हे फार म्हणजे फारच आवडलं. भिंतीवर हातभर अक्षरांत त्याचंच वाक्य रंगवलं गेलं: हात मातीत, मन शांत.

आता गंमत बघा. काचेतून ऊन आत येतं आणि कॉम्प्युटरवरचं काही दिसत नाही, म्हणून आठवडाभरात सगळ्या मजल्यांवर पडदे ओढले गेले. बाहेर दोन एकर हिरवंगार आणि आत ट्यूबलाइटखाली दहा-दहा तास खाली माना. मन शांत म्हणे!

महेशला त्या बागेचं एवढं का लागलं होतं, ते कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं. दिंडोरी तालुक्यात त्याच्या वडिलांची चार एकर बाग होती. वडील गेल्यावर थोरल्या भावानं तिथे प्लॉट पाडले आणि महेशनं तोंडातून चकार शब्द न काढता सही केली. वेल मुळासकट उपटून पेटवले, तो धूर त्यानं बांधावर उभं राहून बघितला. एकदा गप्प बसलो, पुन्हा नाही, असं त्या दिवशी त्यानं स्वतःला बजावलं होतं.

"वीस तारखेला डायरेक्टर येतायत," अमोलसर म्हणाले. "लोक बाग वापरतात हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं तर बाग राहील. नाही तर दिवाळीनंतर डांबर. मी काही करू शकणार नाही."

महेश उठला आणि सरळ गोरक्षनानांच्या खोलीवर गेला. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत नाना आणि त्यांची बायको कुसाबाई राहायचे. ही बाग नानांनीच जुन्या मालकाकडे असताना लावलेली. जमीन विकली गेली तसे बागेबरोबर तेही कंपनीकडे आले, ठेकेदाराच्या कागदावर माळी म्हणून. महेशनं सगळं सांगितलं तेव्हा नाना तंबाखू मळत होते.

"मग छाटणीच ठेवा की त्या वक्ताला," नाना म्हणाले. "दसरा झाला. फळाची गोडी छाटणी करायचीच हाय."

"छाटणी या लोकांना जमणार नाही, नाना. कात्री चुकली तर वर्षाचं पीक गेलं."

"छाटणी आपली टोळी करंल आदल्या दिशी. सुरगाण्याची माणसं आलीत. ह्यांना नुसती पेस्ट लावू द्या. त्याला काय अक्कल लागत नाय."

पेस्ट म्हणजे छाटलेल्या काडीवरच्या डोळ्यांना लावायचं औषध. ते लावलं की सगळे डोळे एका दमात फुटतात. नाही तर एक आज फुटतो आणि दुसरा पंधरा दिवसांनी. लावलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात लाल रंग घालतात. हातमोजे घालायचे, फडकं बुडवायचं, डोळ्यावरून फिरवायचं, झालं. काम सोपं, पण औषध जहाल. आणि त्याची एक खोड द्राक्षाच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: पेस्ट लावलेल्या माणसानं दोन-तीन दिवस दारूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

महेश दहा वर्षांचा असताना त्यांच्या टोळीतल्या काळूनं हे ऐकलं नव्हतं. दिवसभर पेस्ट लावली आणि संध्याकाळी बाटली रिचवली. तासाभरात त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धपापायला लागली, आणि अंगणातल्या बाजेवर तो "मला धरा, मला धरा" म्हणून ओरडत होता. सिव्हिलमध्ये चार दिवस काढून वाचला बिचारा. तेव्हापासून वडिलांनी घरात नियम केला, आणि तो काही त्यांचा एकट्याचा नव्हता, अख्ख्या गावाचा होता. पेस्ट बायांकडे द्यायची. बाप्यांचा भरवसा नाही, दिवस मावळला की त्यांचे पाय गुत्त्याकडे वळतात. बाया पीत नाहीत. काळजी मिटली.

"पेस्ट पोरींकडंच द्या मातर," महेश निघताना नाना म्हणालेच. "बापे काड्या गोळा करतील."

"हे काय सांगायला लागतं का, नाना?" महेश हसत म्हणाला.

कार्यक्रमाची आखणी साधनामॅडमकडे होती. कर्मचाऱ्यांचं सुखदुःख बघण्याचा पगार त्यांना मिळायचा. त्यांनी महेशचा कागद वाचला आणि खाली एक ओळ वाढवली: संध्याकाळी साडेपाचला लॉनवर वाइन चाखण्याचा कार्यक्रम. "नाशिक आहे, द्राक्षं आहेत आणि वाइन नाही? लोक हसतील आपल्याला," त्या म्हणाल्या. परवानग्या काढायचंही त्यांनी अंगावर घेतलं.

महेशच्या मनात कुठेतरी खट्ट झालं. पण लगेच त्याच्या बोटांनी आपोआप लिहून टाकलं, पुरुषांनी काड्या गोळा करायच्या, महिलांनी पेस्ट लावायची. झालं, धोका टळला. साधनामॅडम तर खूष झाल्या, मुलींना पुढचं काम दिलंत म्हणून.

आता कुणी म्हणेल, हा माणूस वीस वर्षं शहरात राहतो, पुण्यात शिकला, कॉलेज रोडच्या हॉटेलांत बसला. बायका वाइन पितात हे त्याला माहीत नव्हतं? होतं की! पण ते शहराचं झालं. पेस्टचा विचार आला की महेश दिंडोरीच्या बांधावरचा दहा वर्षांचा पोरगा व्हायचा, आणि त्या पोराच्या जगात बाया पीत नसत. दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. त्यानं त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या.

शंभर माणसं जमवायची कशी, हा प्रश्न भाग्यश्रीनं सोडवला. बागेत येणाऱ्या अकरा जणांत रोज येणारी ती एकटीच. सव्वीस वर्षांची, मखमलाबादची. आई-बाप भाजी आणि फुलं पिकवून नाशिकच्या बाजारात नेणारे. दुपारी डबा घेऊन ती वेलांच्या मांडवाखाली यायची, कुसाबाईच्या भाकरीतली अर्धी भाकरी हक्कानं उचलायची आणि तासभर बसायची. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ऑफिसात ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, काम काढून घेतील म्हणून. कुसाबाईला मात्र गळ्याखालचा व्रण दाखवला होता.

"आत बसलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, दादा," ती एकदा महेशला म्हणाली होती. "इथं आलं की उतरतो."

त्या एका वाक्यावर महेश सहा महिने जगला होता. हिच्या एकटीसाठी जरी ही बाग राहिली तरी माझं शिक्षण वाया गेलं नाही, असं तो घरी बायकोला सांगायचा.

बाग जाणार हे कळलं तेव्हा भाग्यश्रीनं डबा तसाच बंद केला. "जाते कशी? मी आणते सगळ्यांना. तुम्ही नका काळजी करू." आणि खरंच, चार दिवस ती मजल्यामजल्यावर फिरली, गोड बोलली, रागावली, एकेकीला ओढून नाव लिहायला लावलं. वीस तारखेला सकाळी बागेत एकशे सात माणसं होती. अमोलसरांनी स्वतः मोजली.

आदल्या दिवशी टोळीनं छाटणी उरकली होती. उघड्या काड्यांमधून ऊन खाली येत होतं. नानांनी बादल्या भरून ठेवल्या, कुसाबाईनं मोजे वाटले. अर्धा तास सगळं रीतीनं चाललं. मग फोटोवाला आला. त्याला लाल हात हवे होते, मोजे नको होते.

"मोजे काढा ना जरा, मॅडम. हात दिसू देत."

भाग्यश्रीनं मोजे काढून कमरेला खोचले आणि महेशकडे बघून भिंतीवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "हात मातीत, मन शांत! दादा, तुमचंच आहे ना? मग मोजे कशाला हो?" सगळ्या पोरी खदाखदा हसल्या आणि एकेकीनं मोजे काढले.

"अगं भवाने, घाल ते!" कुसाबाई ओरडली. "औषध हाय, हळद-कुंकू नाय!"

महेश त्यांच्याकडे दोन पावलं गेला. तेवढ्यात फाटकातून डायरेक्टरांच्या गाड्या आत वळल्या. "फोटो झाला की लगेच घाला हं परत," असं म्हणून तो तिकडे धावला. नंतर कुणी घातले नाहीत. भाग्यश्रीनं पाटाच्या कडेची तिसरी ओळ एकटीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक डोळा न सोडता, उघड्या हातांनी पूर्ण केली.

संध्याकाळी लॉनवर पांढऱ्या कापडांची टेबलं लागली. पोरींनी हात धुतले होते, पण रंग काही निघाला नव्हता. डायरेक्टर गोरेपान, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी महेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक हातात घेतला. "मी पार्किंगचा आराखडा बॅगेत घेऊन आलो होतो," ते म्हणाले. लोक हसले. "तो तसाच परत नेतोय."

महेशच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता त्याला समोर एक लाल हात दिसला. हातात वाइनचा ग्लास होता. शेजारी दुसरा लाल हात, दुसरा ग्लास. मग तिसरा. मागच्या रांगेत भाग्यश्री. तिला फारशी सवय नसावी. नाक मुरडून घोट घेत होती आणि मैत्रिणी तिला चिडवत होत्या.

त्या क्षणी त्याला सगळं एकदम दिसलं: काळू, बाज, वडिलांचा नियम, आणि तो नियम इथे मुळी लागूच नव्हता हे. नुसतं ओरडायचं होतं. ग्लास खाली ठेवा, एवढे तीन शब्द.

पण खांद्यावर डायरेक्टरांचा हात होता. आत्ता ओरडलं तर सगळ्यांसमोर सांगावं लागेल की बागेत विष आहे. मग कसली बाग आणि कसलं काय, उद्या सकाळी जेसीबी. दोन घोटांनी काय होतंय? काळूनं अख्खी बाटली लावली होती. भाषण संपू दे. संपलं की हळूच साधनामॅडमच्या कानात सांगू. डायरेक्टर निसर्गावर बोलत होते, त्यांच्या आजोळच्या आमराईवर बोलत होते. महेश टाळ्या वाजवत होता. सात मिनिटं. पुढे कितीतरी रात्री त्यानं ती मोजली. कमी काही भरली नाहीत.

टाळ्या थांबल्या आणि मागे ग्लास फुटला.

चार-पाच पोरी तोंड धरून खाली बसल्या होत्या, चेहरे लालभडक. भाग्यश्री मात्र लाल झाली आणि मग बघता बघता पांढरी पडली. "दादा, दगड," एवढंच म्हणाली. गलका ऐकून गोरक्षनाना बागेतून पळत आले. त्यांनी गवतात पडलेले ग्लास बघितले, पोरींचे हात बघितले.

"बाया पित्यात, भाऊ?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पायाखालची जमीन गेलेला माणूस विचारतो तसं विचारलं.

महेशनंच तिला गाडीत घातलं. तिचा हात त्याच्या हातात होता. पंचवटीत शिरेपर्यंत तो गार पडला होता. बाकीच्या पोरी दोन दिवसांनी घरी गेल्या.

चौकशीला पुण्याहून तिघे जण आले. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, ओढलेले पडदे. त्यांनी एकच मुद्दा धरला. "या औषधानंतर दारू चालत नाही, हे इथे कुणाला माहीत होतं?"

साधनामॅडम रडत होत्या. अमोलसरांनी महेशकडे बघितलं. महेशनं घसा खाकरला. पुन्हा गप्प बसायचं नाही असं बजावलेला हा माणूस, आणि बोलला काय, तर, "बागेतली औषधं गोरक्ष बघतो."

खोटं नव्हतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

नानांना आत बोलावलं. ते चपला बाहेर काढून आले. प्रश्न ऐकून त्यांनी एकदाच महेशकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. "व्हय साहेब. मला म्हायती व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"चुकलं," नाना म्हणाले.

आठवडाभरात ठेकेदाराच्या कागदावरून त्यांचं नाव गेलं आणि पोलिसांच्या कागदावर आलं. खोली रिकामी करायला दोन दिवस दिले. महेश गेला तेव्हा कुसाबाई गोधड्या बांधत होती. तिनं त्याच्याकडे पाठ केली ती केलीच. "माझ्या भाकरीतली खायची ती पोर," एवढं ती भिंतीला सांगितल्यासारखं बोलली. नानांनी छाटणीची कात्री महेशच्या हातात दिली.

"नाना, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमचं नाव घेतलं तर तुम्ही जाताल. तुम्ही गेलाव तर हिला कोण बघणार?" नानांनी वेलांकडे हनुवटी केली. "आता निदान बाग तरी बघा."

बाग राहिली. कंपनीनं तसं लेखीच दिलं. दगडी कठडा घालायचा, आत कुणी जायचं नाही, आणि दाराशी भाग्यश्रीच्या नावाची पाटी. पाटीची रचना महेशकडे आली. त्यानं ती केली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीचे वडील आले. चिमाजी त्यांचं नाव. पांढरा सदरा, डोक्याचे केस काढलेले, पायांना मळ्यातली माती. त्यांना पोरीनं काम केलेली ओळ बघायची होती. महेश त्यांना आत घेऊन गेला.

इतर ओळींत कुठे डोळा फुटला होता, कुठे नुसता फुगला होता. सगळे नवखे हात, कुणी लावलं, कुणी विसरलं. तिसऱ्या ओळीत मात्र पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत प्रत्येक डोळा फुटला होता. गुलाबी-पोपटी कोंब, सगळे एका उंचीचे. चिमाजी ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले, एकेका कोंबाला बोट लावत, आणि तसेच परत आले.

"कामाला चोख व्हती," ते म्हणाले. "घरी फुलं तोडायला लावली तरी एक कळी मोडायची नाय."

महेशनं बाहीनं डोळे पुसले.

"तो गोरक्ष आलता मळ्यात," चिमाजी सांगू लागले. "माझ्या पाया पडला, म्हणला माझं चुकलं. मी त्याला लय शिव्या घातल्या, साहेब. आईवरून घातल्या. दगूड बी उचलला व्हता, बायकूनं धरलं. म्हातारा माणूस, तसाच उभा राहिला." त्यांनी तोंड पुसलं. "आमी भाजीवाले. आमाला ह्या द्राक्षाच्या औषधातलं काय कळत नाय. तुमी दिंडोरीकडचे ना? भागी सांगायची, दादांच्या घरी बाग व्हती म्हणून. तुमाला म्हायती नव्हतं का वो हे?"

वरच्या मजल्यांवर पडदे उघडले होते. हल्ली लोक अधूनमधून उठून बागेकडे बघत. महेशनं अर्ध्या बांधून झालेल्या कठड्यावर हात टेकला. दगड उन्हानं तापला होता. खरं सांगितलं तर नाना सुटतील. खरं सांगितलं तर ही बाग त्याच्या हातून जाईल, आणि मग कदाचित बागच जाईल. आणि खरं सांगितलं तर हा माणूस आपल्या तोंडाकडे बघेल.

"नाही," महेश म्हणाला. "मी लहान होतो तेव्हा. मला नव्हतं माहीत."

चिमाजींनी मान हलवली. मग पुढे होऊन त्यांनी महेशचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मग तुमचा काय दोष, बाळा," ते म्हणाले. "रडू नका. ती लय मानायची तुमाला."